डॅलसचे दोन वायदे

१९९७ साली अमेरिकेतल्या गेमिंग मासिकांत एक पानभर जाहिरात झळकली. लालभडक पान आणि त्यावर ठसठशीत काळी अक्षरं. गेमचं एकही दृश्य नाही, बंदूक नाही, राक्षस नाही. होती ती फक्त धमकी. जॉन रोमेरो नावाचा माणूस लवकरच वाचकाची काय गत करणार आहे, हे मराठी मासिकात छापता येणार नाही अशा शब्दांत त्यात सांगितलं होतं. गेमचं नाव होतं ‘दाइकाताना’. तो त्याच नाताळात दुकानांत येणार होता.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, रोमेरोच्या डॅलस शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर असलेल्या गार्लंड या उपनगरातून दुसरी घोषणा झाली. ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ या तुफान खपलेल्या गेमचा पुढचा भाग येणार होता, ‘ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर’. मुहूर्त १९९८चा.

पहिला गेम आला २००० साली, दुसरा २०११ साली. दोन्ही वेळा गेम हातात पडल्यावर खेळाडूंना एकच प्रश्न पडला: एवढ्यासाठी थांबलो होतो?

दोन्ही कंपन्यांत हुशार माणसं होती, पैसा होता, नाव होतं आणि त्यांच्यावर जीव टाकणारे लाखो चाहते होते. घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी, आणि दोघांचं एकाच ठिकाणी.

ही सगळी मंडळी टेक्सासात जमली ती एका लबाडीमुळे. १९९०च्या सुमारास गार्लंडचा स्कॉट मिलर आपल्या अ‍ॅपोजी या छोट्या कंपनीसाठी गेम करणारे हात शोधत होता. शेजारच्या लुइझियाना राज्यात, श्रीव्हपोर्टच्या सॉफ्टडिस्क या कंपनीत रोमेरो नोकरीला होता. तिथे कर्मचाऱ्यांचं टपाल फोडून पाहिलं जातं, अशी मिलरला शंका होती. म्हणून त्याने वेगवेगळ्या नावांनी रोमेरोला चाहत्याची पत्रं धाडली. खूश झालेल्या रोमेरोने ती भिंतीवर लावली. मग एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की सह्या निरनिराळ्या असल्या तरी पत्ता प्रत्येक पत्रावर एकच आहे, गार्लंडचा. आधी तो भडकला, पण बोलणी झाली. त्यातून रोमेरो, प्रोग्रॅमर जॉन कार्मॅक, डिझायनर टॉम हॉल आणि चित्रकार एड्रियन कार्मॅक यांनी मिलरसाठी ‘कमांडर कीन’ केला. पहिला भाग फुकट वाटायचा आणि चटक लागलेल्यांनी पुढचे भाग टपालाने विकत मागवायचे, ही मिलरची शेअरवेअरची युक्ती. ती अशी चालली की चौघांनी नोकऱ्या सोडून इड सॉफ्टवेअर काढली आणि पुढे डॅलसच्या मेस्किट या उपनगरात बस्तान बसवलं.

१९९२मध्ये ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ आला, तोही मिलरच्या अ‍ॅपोजीकडूनच. मग १० डिसेंबर १९९३ला ‘डूम’. तो विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवायचं ठरलं होतं. पण फाइल येण्याआधीच तिथे ताटकळणाऱ्यांची इतकी झुंबड उडाली की खुद्द इडच्या माणसांनाच आत शिरायला जागा मिळेना. या यशानंतर कार्मॅक हा अद्भुत इंजिनं लिहिणारा तंत्रज्ञ आणि लांब काळ्या केसांचा रोमेरो हा त्या इंजिनांतून थरार उभा करणारा कलावंत, अशी जोडी जगभर गाजली. इंजिन म्हणजे गेमच्या पोटातला मूळ प्रोग्रॅम. भिंती रंगवणं, सावल्या पाडणं, गोळी कुठे लागली ते ठरवणं ही कामं त्याची. लेव्हल, राक्षस, कथा हे सगळं त्याच्या आधाराने उभं राहतं.

जोडी फुटली ती ‘क्वेक’च्या वेळी. रोमेरोला त्या गेममध्ये काहीतरी नवं, मोठं हवं होतं. कार्मॅकचं इंजिन तयार व्हायला वेळ लागला आणि शेवटी थकलेल्या चमूने डूमच्याच वळणावर बंदुकांचा गेम पूर्ण केला. जून १९९६मध्ये ‘क्वेक’ आला आणि ऑगस्टमध्ये रोमेरोला इडमधून जावं लागलं.

बाहेर पडताच त्याने टॉम हॉलला सोबत घेऊन आयन स्टॉर्म काढली. ब्रीदवाक्य ठरलं: डिझाइन हाच कायदा. म्हणजे तंत्रज्ञानाने कल्पनेच्या मागून चालायचं, पुढून नाही. ‘टूम रेडर’मुळे मालामाल झालेल्या आयडॉस या ब्रिटिश प्रकाशकाने थैली सैल सोडली. कंपनीने डॅलसच्या मध्यवस्तीतल्या गगनचुंबी इमारतीचा ५४वा मजला घेतला. वर काचेचं छप्पर, त्यातून दिसणारं टेक्सासचं अथांग आकाश. पाहुणे थक्क व्हायचे. काम करणारे मात्र वैतागायचे, कारण काचेतून येणाऱ्या उन्हात मॉनिटरवर काही म्हणता काही दिसत नसे. अखेर प्रोग्रॅमर आणि चित्रकारांनी आपापल्या खणांवर काळी कापडं ताणली आणि त्या आलिशान मजल्यावर अंधार करून ते कामाला लागले.

‘दाइकाताना’ या नावामागेही जुन्या दिवसांची गोष्ट होती. इडच्या सुरुवातीच्या काळात कार्मॅक मित्रांना जमवून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका वठवण्याच्या खेळाचा डाव मांडत असे. डावातलं जग त्याने वर्षानुवर्षं रचलं होतं. एका रात्री रोमेरोने दाइकाताना नावाच्या जादुई तलवारीच्या मोहात पडून एक महत्त्वाचा ग्रंथ राक्षसांच्या हवाली केला. राक्षस मोकाट सुटले आणि कार्मॅकचं ते सगळं जग बेचिराख झालं. डाव तिथेच संपला. ‘क्वेक’ हे नावही त्याच डावातल्या एका पात्राचं.

रोमेरोचा आराखडा भव्य होता. चार कालखंड: भविष्यातला जपान, प्राचीन ग्रीस, मध्ययुगीन नॉर्वे आणि उद्याचं सॅन फ्रान्सिस्को. प्रत्येक काळात शस्त्रं नवी, राक्षस नवे. शिवाय नायकाच्या जोडीला संगणकाने चालवलेले दोन साथीदार. हे सगळं इडकडून परवान्याने घेतलेल्या क्वेकच्या इंजिनावर सात महिन्यांत करायचं होतं. चमूत बरीचशी उत्साही पोरं होती. क्वेकच्या लेव्हल घरी बसून बनवता बनवता ती इथवर पोचली होती आणि अख्खा गेम पूर्ण करण्याचा अनुभव त्यांतल्या फार थोड्यांना होता.

जाहिरातीची कल्पना कंपनीचा कारभार पाहणाऱ्या माइक विल्सनची. रोमेरो आधी कचरला, मग हो म्हणाला. वाचक दुखावले. पण दुखावलेला वाचकही वाट पाहतोच, किंबहुना जरा जास्तच डोळे वटारून पाहतो.

जून १९९७मध्ये अटलांटात ई-थ्री हे गेम उद्योगाचं वार्षिक प्रदर्शन भरलं. तिथे इडने ‘क्वेक टू’ दाखवला. रंगीत प्रकाश, नव्या ग्राफिक्स कार्डांच्या जोरावर लख्ख आणि सळसळतं चित्र. त्याच्यापुढे दाइकाताना एका दिवसात जुना दिसू लागला. रोमेरोने तिथल्या तिथे ठरवलं की आपणही क्वेक टूचंच इंजिन घ्यायचं.

हा निर्णय म्हणजे वरचा मजला रंगवून झाल्यावर जोतं बदलायला काढण्यासारखा होता. नव्या इंजिनाचा कोड इडचा स्वतःचा गेम बाहेर पडल्यावरच मिळणार होता आणि क्वेक टू आला डिसेंबर १९९७मध्ये. कोड हातात आल्यावर कळलं की त्याची रचना जुन्या क्वेकपेक्षा पार वेगळी आहे. आपलं आतापर्यंतचं काम थेट उचलून त्यात ठेवता येणार नव्हतं. १९९८चं जवळपास सगळं वर्ष या स्थलांतरात गेलं. डिझाइनला कायदा मानणारी कंपनी तंत्रज्ञानाच्या दाराशी ताटकळत उभी राहिली.

याच काळात सिअ‍ॅटलजवळच्या व्हॉल्व्ह या नव्या कंपनीनेही क्वेकचंच इंजिन घेतलं होतं. त्यांचाही पहिला मुहूर्त १९९७च्या अखेरीचाच. आपला गेम खेळायला मजा येत नाही, हे वर्षअखेरीस त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी झालेलं बरंचसं काम मोडीत काढून लेव्हल नव्याने रचल्या. तारीख हुकली, वर्ष गेलं. पण त्यांनी पाया बदलला नाही. हाती होतं तेच इंजिन ते आपल्या गरजेपुरतं सुधारत राहिले. नोव्हेंबर १९९८मध्ये त्यांचा ‘हाफ-लाइफ’ आला आणि बंदुकांच्या गेममध्ये गोष्ट कशी सांगायची, याचं मोजमापच त्याने बदलून टाकलं. उशीर तिन्ही कंपन्यांनी केला. व्हॉल्व्हने तो वेळ खेळावर घालवला, डॅलसकरांनी चित्र ताजं ठेवण्यावर.

हाफ-लाइफ आला त्याच महिन्यात दाइकातानाच्या चमूतले आठ जण एकदम राजीनामे देऊन गेले. जानेवारी १९९९मध्ये ‘डॅलस ऑब्झर्व्हर’ साप्ताहिकाने कंपनीतल्या भांडणांची लक्तरं वेशीवर टांगली, तीही फुटलेल्या अंतर्गत ईमेलच्या आधारे. त्या मेच्या ई-थ्रीत दाइकातानाचा डेमो सेकंदाला जेमतेम १२ चित्रं दाखवत अडखळत चालला. पुढे आयडॉसने कंपनीचा अर्ध्याहून अधिक हिस्सा ताब्यात घेतला.

मे २०००मध्ये गेम एकदाचा आला. सुरुवात हिरवट दलदलीत. समोर राक्षस म्हणून काय, तर उड्या मारणारे यांत्रिक बेडूक आणि डास. ज्यांना तीन वर्षांपूर्वी लाल पानावरून दम दिला होता, ते आता बेडकांवर गोळ्या झाडत होते. पुढे साथीदार भेटले आणि खरी डोकेदुखी सुरू झाली. हा दरवाजात अडकतोय, ती लिफ्टखाली चिरडतेय, दोघं मिळून नायकाच्याच गोळ्यांसमोर येतायत. त्यांतला एक जरी मेला तरी डाव खलास, आणि दोघांना सुखरूप आणल्याशिवाय पुढची लेव्हल उघडत नसे. त्यात गेम सेव्ह करायला मोजकीच रत्नं, म्हणजे दुसऱ्याच्या चुकीसाठी मागचं सगळं पुन्हा खेळा. क्वेक टूचं इंजिनही एव्हाना शिळं झालं होतं. डिसेंबर १९९९मध्ये इडचा ‘क्वेक थ्री’ येऊन गेला होता. ज्या झळाळीसाठी सगळं मोडून पुन्हा मांडलं, तिची तारीख उलटली होती. अमेरिकेत पहिल्या काही महिन्यांत खपल्या सुमारे ४० हजार प्रती.

पुढच्याच महिन्यात आयन स्टॉर्मच्या ऑस्टिन शाखेचा ‘डेउस एक्स’ आला. वॉरन स्पेक्टरच्या हाताखाली, काचेच्या छपरापासून तीनशे किलोमीटर दूर राहून त्या चमूने केलेल्या या गेमची गणना आजही सर्वोत्तम गेममध्ये होते. डॅलसच्या कचेरीला जुलै २००१मध्ये कुलूप लागलं.

रोमेरोचा गेम निदान आला तरी. गार्लंडचं घोंगडं मात्र भिजतच पडलं.

मिलरच्या अ‍ॅपोजीचं नाव आता थ्रीडी रेल्म्स झालं होतं आणि ड्यूकची सूत्रं त्याचा भागीदार जॉर्ज ब्रूसार्ड याच्या हाती होती. ड्यूक म्हणजे काळा चश्मा, लाल बनियन, तोंडात सिगार आणि शिवराळ विनोद. १९९६चा ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ केन सिल्व्हरमन या तरुण पोराने लिहिलेल्या ‘बिल्ड’ इंजिनावर चालायचा. त्यात दिवे लागत, नळ फुटत, आरशात स्वतःचं तोंड दिसे. लोक त्या खोडकरपणावर भाळले होते.

ब्रूसार्डनेही क्वेक टूचं इंजिन घेतलं. मे १९९८च्या ई-थ्रीत ट्रेलर दाखवला, टाळ्या घेतल्या. पण गोष्ट घडणार होती लास व्हेगास आणि भोवतालच्या वाळवंटात, आणि एवढ्या मोकळ्या जागा या इंजिनाला पेलवत नव्हत्या. त्याच महिन्यात ‘अनरिअल’ हा गेम आला. त्याचं इंजिन उघडी मैदानं सहज रंगवत होतं. प्रदर्शन संपून महिनाही होतो न होतो तोच ब्रूसार्डने इंजिन बदलल्याचं जाहीर केलं. महिना-दीड महिन्यात गाडी पूर्वपदावर येईल, असा कंपनीचा अंदाज होता.

इथे दोन्ही गोष्टींतला मोठा फरक दिसतो. रोमेरो दुसऱ्याच्या पैशावर खेळत होता. त्यामुळे कधी ना कधी कोणीतरी हिशेब मागणारच होतं. थ्रीडी रेल्म्स स्वतःच्या खिशातून खर्च करत होती. जुन्या ड्यूकचे पैसे येत होते. २००१मध्ये तिच्या सहभागातून निघालेला ‘मॅक्स पेन’ गाजला आणि पुढच्या वर्षी त्याचे हक्क टेक-टू या प्रकाशकाला विकून १ कोटी डॉलर रोख आणि वर शेअर मिळाले. ड्यूकच्या प्रकाशनाचे हक्कही फिरत फिरत टेक-टूकडेच आले होते आणि त्यासाठी तिने मागच्या धन्याला १.२ कोटी डॉलर मोजले होते. पण गेम घडवण्याचा खर्च तिचा नसल्याने घाई करायला लावण्याचा अधिकारही तिला नव्हता. गेम कधी येणार, या प्रश्नाला ब्रूसार्डचं ठरलेलं उत्तर होतं: पूर्ण होईल तेव्हा. खेळाडूंना हा बाणा आवडायचा. तारखा लादणाऱ्या प्रकाशकांपुढे न झुकणारा, स्वतःचा मालक असलेला गेमकार!

२००१च्या ई-थ्रीत दाखवलेल्या ट्रेलरने तर प्रदर्शन जिंकलं. गेम त्या वर्षी-दोन वर्षांत बाहेर पडता तर कदाचित इतिहासात वेगळ्या पानावर गेला असता. पण ब्रूसार्ड बाजारात येणारा प्रत्येक नवा गेम खेळायचा आणि त्यातली आवडलेली गोष्ट त्याला आपल्याकडे हवी असायची. अंटार्क्टिकात घडणारा ‘द थिंग’ खेळला, की ड्यूकमध्ये बर्फाची लेव्हल हवी. काम करणारे थोडे, पगार बाजारभावाहून कमी. नफ्यातला वाटा गेम बाहेर पडेल तेव्हा मिळायचा. एक भाग संपवावा, तोवर दुसरा जुना दिसू लागायचा. २००३मध्ये टेक-टूने या गेमपोटीचे ५५ लाख डॉलर बुडीत खाती टाकले. न आलेल्या वस्तूंची दरवर्षी थट्टा करणाऱ्या ‘वायर्ड’ मासिकाने त्याच वर्षी ड्यूकला जीवनगौरव देऊन टाकला.

२००६मध्ये बरेच जण कंटाळून गेले. त्यानंतर मात्र भरती वाढली, शिस्त आली आणि गेम खरोखर आकाराला येऊ लागला. नेमका तेव्हाच पैसा आटला. मिलर आणि ब्रूसार्ड यांचे स्वतःचे २ कोटींहून अधिक डॉलर खर्ची पडले होते. शेवटच्या टप्प्यासाठी त्यांनी टेक-टूकडे ६० लाख मागितले. टेक-टू २५ लाख आता आणि २५ लाख काम झाल्यावर द्यायला तयार होती. ब्रूसार्डने नकार दिला. मे २००९मध्ये सगळ्या चमूला घरी पाठवण्यात आलं आणि आठवडाभरात टेक-टूने कोर्टात दावा ठोकला.

नोकरी गेलेल्यांतल्या काही जणांना मात्र हे काम सोडवेना. ट्रिप्टिक नावाची छोटी कंपनी काढून ते आधी घरून आणि मग गिअरबॉक्स या शेजारच्या स्टुडिओच्या इमारतीत बसून ड्यूक पुढे रेटत राहिले. गिअरबॉक्सचा प्रमुख रँडी पिचफोर्ड कधीकाळी थ्रीडी रेल्म्समध्येच होता. त्याने ड्यूकचे हक्क विकत घेतले आणि सप्टेंबर २०१०मध्ये सिअ‍ॅटलच्या पॅक्स मेळाव्यात गेम खेळायलाच ठेवला. माणसं तासन्‌तास रांगेत उभी राहिली. तरीही जून २०११ उजाडण्याआधी मुहूर्त आणखी एकदा पुढे ढकलला गेलाच.

गेमच्या सुरुवातीला ड्यूक सोफ्यावर बसून आपलाच गेम खेळत असतो. कसा होता, असं विचारल्यावर इतक्या वर्षांनी चांगला असायलाच हवा, अशा अर्थाची एक शिवी हासडतो. विनोद चांगला होता, पण तो विनोदापुरताच खरा होता. जुन्या ड्यूकच्या अंगावर अख्खं शस्त्रागार असायचं. नव्याला ‘हेलो’च्या चालीवर दोनच बंदुका बाळगता येत. मध्येच हाफ-लाइफ टूसारखी वजनं उचलून ठेवायची कोडी यायची. कन्सोलवर प्रत्येक मरणानंतर लेव्हल पुन्हा उघडेपर्यंत ताटकळत बसावं लागे. एलियनांनी पळवलेल्या बायकांच्या प्रसंगातल्या विनोदांची तर परीक्षकांना शिसारी आली. सरासरी गुण शंभरात पन्नाशीच्या आसपास अडकले. चिडलेल्या प्रसिद्धी-कंत्राटदाराने वाईट लिहिणाऱ्यांना पुढचे गेम परीक्षणाला न देण्याची धमकी ट्विटरवर दिली आणि प्रकाशकाने त्यालाच काढून टाकलं.

मे २०२२मध्ये ड्यूकची २००१ची अपुरी आवृत्ती इंटरनेटवर फुटली. चाहते तुटून पडले. ट्रेलरमधला बराच भाग तेव्हा खरोखर तयार होता, हे त्यांना स्वतः खेळून पाहता आलं. अर्धवट लेव्हल दुरुस्त करायला काही जण लगेच बसलेही. दाइकातानाचंही तसंच झालं. साथीदारांचा त्रास कमी करणारे पॅच हौशी प्रोग्रॅमरांनी कधीच तयार केले आहेत.

रोमेरोने त्या लाल जाहिरातीबद्दल २०१०मध्ये माफी मागितली आणि नंतर आयर्लंडमधल्या गॉलवे इथे बिऱ्हाड हलवलं. मे २०१९मध्ये त्याने ‘सिजिल’ हा नव्या लेव्हलचा संच फुकट वाटला. तो १९९३च्या मूळ डूमवर चालतो. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये थ्रीडी रेल्म्सने ‘आयन फ्युरी’ हा गेम बाजारात आणला. तो चालतो केन सिल्व्हरमनच्या जुन्या बिल्ड इंजिनावर. दोन्ही गेम ठरल्याहून उशिरा आले आणि दोन्हींचं खेळाडूंनी मनापासून कौतुक केलं.